युनूसभाईंचा उतरलेला आकडा

रक्ताच्या तपासणीत यकृताची एन्झाइम्स वाढलेली आढळली, तर त्यावरून त्या माणसाविषयी नेमके काय कळते आणि काय कळत नाही? या एका प्रश्नाचे उत्तर नीट मांडावे म्हणून मी हा लेख लिहायला घेतला आहे. प्रश्न मूळचा माझा नाही. तो माझे मित्र युनूसभाई यांचा. त्यांनी तो मला शेवटच्या भेटीत विचारला, आणि तेव्हा उत्तराचा त्यांना स्वतःला काही उपयोग उरलेला नव्हता.

त्या भेटीनंतर दोनच दिवसांनी मी त्यांना पुन्हा पाहायला महागावहून यवतमाळला निघालो होतो. बस आर्णीच्या अलीकडे होती. त्यांचा मुलगा इरफान याचा फोन आला. "सर, कुठी पोचले?" मी सांगितले. तो म्हणाला, "मंग आर्णीलेच उतरून घ्या. येऊ नका आता. अब्बाले घेऊन आमीच येऊन राह्यलो." क्षणभर मला बरे वाटले. रुग्णालयातून सुट्टी मिळाली, असाच अर्थ मी लावला. "चांगलं झालं," असे माझ्या तोंडून निघूनही गेले... तेवढ्यात फोनवर मागून त्याच्या आईचा, नसीमभाभींचा, रडण्याचा आवाज ऐकू आला. तेव्हा मला कळले. आर्णीच्या स्थानकाबाहेर रस्त्याच्या कडेला मी त्या गाडीची वाट पाहत उभा राहिलो.

युनूसभाईंचे दुकान महागावच्या बसस्थानकाजवळ होते. जळालेल्या विद्युत मोटारी उघडून त्यांत नव्याने तांब्याची तार भरणे हा त्यांचा व्यवसाय. आमची ओळख शाळेच्या पंपामुळे झाली. मी तिथे विज्ञान शिकवत असे आणि पाण्याची व्यवस्थाही माझ्याकडे होती. एका उन्हाळ्यात मोटार जळाली. ती त्यांच्याकडे नेली, तेव्हा त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "सर, दोन फेजवर मोटार चालते काय, हे पोरायले परीक्षेत इचारता ना? मंग एकडाव तुमच्या शिपायाले बी इचारा." तीनपैकी एक फेज गेलेला असताना शिपायाने पंप चालूच ठेवला होता. पुढे मी निवृत्त झालो, पण सायंकाळी त्यांच्या दुकानातल्या लोखंडी स्टुलावर बसण्याचा माझा नेम सुटला नाही. ते मला सर म्हणत, मी त्यांना भाई म्हणे. आम्ही पिकांविषयी बोलत असू, वीज मंडळाविषयी बोलत असू, कधी नुसतेच बसत असू.

त्यांच्या स्वभावातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. दारूचा त्यांना तिटकारा होता. पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाची मोटार ते हातात घेत नसत. "उद्या ये, शुद्धीत ये, मोटारीचं काय झालं ते तुले बी समजलं पायजे," असे सांगून परत पाठवत. वॉर्डातले दारूचे दुकान शाळेच्या रस्त्यावरून हलवावे म्हणून बायकांनी अर्ज केला, तेव्हा पुरुषांपैकी पहिली सही त्यांची होती. दुकान हलले. त्याचा मालक मात्र गावातच राहिला आणि जाता-येता हसत म्हणत राहिला, "पाहू भाई, तुमचं बी कधी काय निघते ते." युनूसभाईही हसत. पण ते वाक्य त्यांनी मला इतक्या वेळा सांगितले होते की ते त्यांना लागले आहे, हे मी ओळखून होतो.

शाळेच्या सभागृहात आरोग्य शिबिर झाले, तेव्हा त्यांनी रक्त दिले ते मधुमेहाच्या तपासणीसाठी. साखरेचा विकार त्यांना काही वर्षांपासून होता. पोट सुटले होते, जिना चढताना दम लागत होता, आणि हे सगळे वयाचे आहे अशी त्यांची समजूत होती. दुसऱ्या दिवशी अहवालाचा कागद घडी करून ते माझ्याकडे घेऊन आले. "सर, बाकी आकडे बारीक छापले अन् हे दोन असे जाड काहून?" ते दोन आकडे एसजीओटी आणि एसजीपीटी यांचे होते. दोन्ही वरच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट होते.

मला जेवढे ठाऊक होते तेवढे मी सांगितले. ही दोन्ही एन्झाइम्स पेशींच्या आत काम करतात. एसजीपीटी मुख्यतः यकृतात असते, एसजीओटी यकृताखेरीज स्नायूंतही असते. पेशींना इजा झाली की ती रक्तात झिरपतात आणि तिथला आकडा वाढतो. म्हणजे कुठेतरी इजा होत आहे, एवढेच या आकड्यावरून कळते. ती कशामुळे होत आहे, हे तो सांगत नाही. मी पुढे बोलणार होतो, पण त्यांनी हात वर केला. "म्हंजे लिव्हर?" मी हो म्हटले. त्यांनी दाराकडे पाहिले. "सर... आवाज कमी करा."

गावातल्या डॉक्टरांकडे मी त्यांच्यासोबत गेलो. दवाखान्यात एकच खोली. डॉक्टरांच्या टेबलासमोर रुग्णाची खुर्ची आणि भिंतीला लागून वाट पाहणाऱ्यांचे बाक. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारले, "घेता का?" प्रश्न वैद्यकीयदृष्ट्या योग्यच होता, तो विचारणे त्यांचे कर्तव्य होते. पण बाकावरची एक मान वळली, मग दुसरी वळली. युनूसभाईंचा चेहरा लाल झाला. "तौबा, डॉक्टरसाहेब." त्यानंतर डॉक्टरांनी आणखी विचारले: कधी रक्त चढवले होते का, दुखण्यावरच्या गोळ्या किती घेता, कुठले झाडपाल्याचे औषध चालू आहे का, घरात कोणाला कावीळ झाली होती का. हे प्रश्न बाकावरच्या कोणीही ऐकले नाहीत. पहिला मात्र सर्वांनी ऐकला. यवतमाळला जाऊन पोटाची सोनोग्राफी आणि हिपॅटायटिस बी व सी यांची तपासणी करून घ्या, असे डॉक्टरांनी लिहून दिले. परतताना युनूसभाई थेट दुकानाकडे निघाले. कुलूप उघडताना म्हणाले, "सर, त्या बाकावर त्याचा साळा बसेल होता. दारूवाल्याचा."

आमच्या भागात यकृताविषयी दोन समजुती पक्क्या आहेत. यकृत बिघडले म्हणजे माणूस पितो, ही एक. पीत नसेल तर त्याला कावीळ आहे, ही दुसरी. पहिलीपासून वाचण्यासाठी युनूसभाईंनी दुसरीचा आसरा घेतला. घरी त्यांनी सांगितले की कावीळ अंगात आहे, अजून डोळ्यांत उतरली नाही. मग काविळीचे सगळे पथ्य सुरू झाले. भाभींनी भाजीतली हळद बंद केली, कारण पिवळ्याने पिवळे वाढते असा समज. तेल बंद, मटण बंद. आणि दुकानासमोरच्या रसवंतीतून सकाळ-संध्याकाळ उसाचा रस येऊ लागला, आले-लिंबू घातलेला, बिनबर्फाचा, मोठ्या पेल्यात. मधुमेही माणूस दिवसातून दोनदा उसाचा रस पीत होता, आणि ते औषध आहे या समजुतीने सारे घर त्याला तो आग्रहाने देत होते.

मी विरोध केला. अहवालात बिलिरुबिन नावाची ओळ होती. काविळीत रक्तात जे पिवळे द्रव्य वाढते ते हेच, आणि ते मर्यादेत होते. मी ती ओळ दाखवून म्हटले, "भाई, कावीळ नाहीच, मग काविळीचं औषध कशाला? आणि रसातली साखर?" ते म्हणाले, "सर, डोये पाहा माये. हायेत का पिवये? पांढरे फट हायेत. म्हंजे रसानं रोखून धरली ना कावीय." नसीमभाभी दुकानाच्या दारातून म्हणाल्या, "सर, यायनं उभ्या जन्मात माया एकही सल्ला आयकला नाही. तुमचा काय आयकतीन! पन गोड म्हटलं का लगेच आयकतेत." आम्ही तिघेही हसलो. त्या दुकानात मोकळेपणाने झालेले ते बहुधा शेवटचे हसणे.

कारण त्यानंतर माझ्या मनातली धास्ती वाढत गेली. मी यवतमाळला सोनोग्राफीची वेळ घेतली. ते यायला तयार होईनात म्हणून आठवड्याभराने रद्द केली, पुन्हा घेतली. दुसऱ्या वेळी ते सोबत यायला तयार झाले. सकाळच्या बसची मी स्थानकावर वाट पाहिली. त्यांचे दुकान समोर दिसत होते आणि उघडे होते. मी रस्ता ओलांडून गेलो, तर ते एका मोटारीवर वाकून तार गुंडाळत होते. वर न पाहता म्हणाले, "सर, त्या बसमंधी अर्ध महागाव राह्यते. तिथी सोनोग्राफीवाल्याच्या दारात बी अर्ध महागाव बसेल राह्यते. मी तिथी लिव्हर घेऊन बसू?" मी म्हटले, "भाई, लिव्हर सगळ्यांनाच असते." त्यांनी तार थांबवली. "असते. पन लोक माह्यंच मोजतीन." बस सुटली. तिचा हॉर्न आम्ही दोघांनीही ऐकला, आणि त्यांनी पुन्हा तार गुंडाळायला घेतली.

वर्ष उलटून गेल्यावर त्यांनी पुन्हा रक्त तपासले, तेही गाव सोडून दुसऱ्या तालुक्यात. परतले ते पेढ्यांचा डबा घेऊन. एसजीपीटी जवळजवळ मर्यादेत आले होते, एसजीओटी किंचित वर होते. "घ्या सर. उतरला आकडा! आता सांगा, रस जिंकला का तुमचं विज्ञान?" त्या वेळी त्यांचा चेहरा मी अनेक महिन्यांनी निवांत पाहिला. पण पेढा घेताना माझी नजर त्यांच्या मनगटाकडे गेली. हात बारीक झाले होते. दंड बारीक झाले होते. पोट मात्र सदऱ्याची बटणे ताणत होते. पायांत चपलेचा पट्टा रुतून वळ उठला होता. त्या कागदावर प्लेटलेट्सची संख्या कमी होती आणि अल्ब्युमिन नावाचे प्रथिनही कमी होते. त्या ओळींचा अर्थ मला लागेना, म्हणून मी म्हटले की हा कागद कोणत्याही डॉक्टरला एकदा दाखवा. ते म्हणाले, "उतरलेल्या आकड्यावर कोनी दवाखान्यात जाते काय? सर, पेढा गोड लागून नाही राह्यला काय?"

काही आठवड्यांनी इरफानने त्यांना जवळजवळ उचलूनच यवतमाळला नेले. पोटात पाणी झाले होते. सोनोग्राफीत जे दिसले त्याला सिऱ्होसिस म्हणतात. यकृताच्या निरोगी पेशींची जागा व्रणाच्या कठीण धाग्यांनी घेतलेली असते आणि ते आकसून जाते. हिपॅटायटिसच्या दोन्ही तपासण्या निर्दोष आल्या. कारण होते ते साधे, आणि आमच्या गावात कोणाच्या यादीतच नसलेले: मधुमेह आणि पोटाचा घेर यांच्यासोबत यकृतात साठत गेलेली चरबी. तीच वर्षानुवर्षे पेशींना इजा करत होती. डॉक्टर बाई तरुण होत्या, शांतपणे बोलत होत्या. त्यांनी सांगितले की पहिल्या अहवालाच्या वेळीही व्रण बरेच असणार, पण तेव्हा साखर, वजन आणि योग्य उपचार यांनी पुष्कळ काही लांबवता आले असते. आता अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या आहेत, त्या फुटण्याची भीती आहे.

शेवटची भेट यवतमाळच्या त्या रुग्णालयातल्या खोलीत. खिडकीजवळचा पलंग, दुपारची वेळ. युनूसभाईंचे डोळे आता खरोखर पिवळे झाले होते. त्यांनी मला जवळ बोलावले. "सर, एक गोष्ट समजली नाही. आकडा तर उतरला होता ना? मंग तो वाढला व्हता तवा काय झालं व्हतं, अन् उतरला तवा काय झालं?" डॉक्टर बाई दुसऱ्या पलंगाशी होत्या, मी त्यांना हे समजावून सांगण्याची विनंती केली. त्या म्हणाल्या, "काका, पेशींना इजा होते तेव्हा त्यांतलं एन्झाइम रक्तात येतं. इजा थांबली तर आकडा उतरतो, ते चांगलं. पण इजा व्हायला निरोगी पेशीच कमी उरल्या, तरीही आकडा उतरतो. नुसता आकडा पाहून या दोन्हींतला फरक कळत नाही. यकृत काम किती करतं, ते अल्ब्युमिनसारख्या दुसऱ्या तपासण्या सांगतात." युनूसभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "इहिरीतलं पानी संपलं, मोटार रिकामी फिरून राह्यली, तवा बी मीटर कमीच दाखोते, सर. नवा शेतकरी खूश होते, म्हन्ते वीज वाचून राह्यली." मग म्हणाले, "म्या पेढे वाटले..."

भाभींनी तोंडाला पदर लावला. मी युनूसभाईंचा हात धरून बसलो. निघताना त्यांनी मला परत बोलावले. मला वाटले, ते इरफानविषयी, दुकानाविषयी काही सांगतील. ते म्हणाले, "गावात काय सांगून राह्यले लोक? मले काय झालं म्हनून?" मी म्हटले, "साखरेचा त्रास वाढला, असं सांगतो आम्ही." त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले. पुढच्या सकाळी अन्ननलिकेतली शीर फुटली. रक्ताची उलटी झाली. दिवसभर उपचार चालले, दुसऱ्या दिवशी ते गेले. मृत्यूच्या दाराशी पोचलेला माणूस आजाराइतकाच, कदाचित त्याहूनही अधिक, गावाच्या तोंडाला भीत होता.

चाळिसाव्याला त्यांच्या घरी बरीच माणसे जमली. नातेवाईक होते, गिऱ्हाइके होती, पंचक्रोशीतले शेतकरी होते. जेवणानंतर मी ओसरीवर बसलो होतो. एका जुन्या गिऱ्हाइकाने, स्वभावाने भल्या माणसाने, माझ्याकडे वाकून विचारले, "सर, लिव्हरनं गेले म्हन्तेत. भाई पेत होते काय जी?" तो हळूच बोलला होता, पण बाजूच्या दाराआडून नसीमभाभींनी ते ऐकले. पतीच्या मृत्यूनंतर पाळायच्या इद्दतमुळे त्या कोणासमोर येत नव्हत्या. पडद्यामागूनच त्यांचा आवाज आला, स्पष्ट, सगळ्या ओसरीला ऐकू जाईल असा. "पेत होते, भाऊ. उसाचा रस पेत होते. तुम्ही हे असं इचारान, याच भेवानं पेत होते." त्या माणसाची मान खाली गेली. भाभी तेवढ्यावर थांबल्या नाहीत. "सर, तुम्ही पेपरात लिहिता ना? मंग लिहा. यायचं नाव घेऊन लिहा. लिव्हर म्हना, लपवू नका." दुसऱ्या दिवशी इरफान स्वतः आमच्या गावातल्या त्याच दवाखान्यात गेला, त्याच बाकावर बसला आणि सर्वांसमोर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, माझं लिव्हर तपासाचं हाय." त्याचेही आकडे थोडे वाढलेले निघाले. त्याने यवतमाळची बस धरली. सोनोग्राफीत चरबी दिसली, व्रण नाहीत. तो आता वजन उतरवतो आहे. दुकान तोच चालवतो. सायंकाळी मी तिथे जातो. समोरच्या रसवंतीचा पोरगा सवयीने पेला घेऊन रस्त्याच्या मध्यापर्यंत येतो, इरफान हात हलवून नको म्हणतो, आणि तो परत जातो.

आता भाभींच्या आज्ञेप्रमाणे, मूळ प्रश्नाचे उत्तर. वाढलेले एन्झाइम हे इजेचे चिन्ह आहे, ते आजाराचे नाव नाही. यकृतातील चरबी, विषाणू, औषधे आणि झाडपाल्याची चूर्णे, दारू, किंवा एसजीओटीच्या बाबतीत कधी नुसते स्नायूंचे कष्ट, यांपैकी कशानेही ते वाढू शकते. पुष्कळदा वाढ थोडी असते, तात्पुरती असते, आणि पुन्हा तपासल्यावर नाहीशी होते. म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण आकडा थोडा आहे म्हणून आजार थोडा, किंवा आकडा उतरला म्हणून आजार गेला, असेही म्हणता येत नाही. डोळे पांढरे असणे हा पुरावा नाही. कारण शोधावे लागते, आणि ते शोधताना डॉक्टरांनी दारूविषयी विचारले तर तो अपमान नव्हे. तो अनेक प्रश्नांपैकी एक प्रश्न आहे. तो चारचौघांत विचारला जाऊ नये, एवढी अपेक्षा मात्र आपण ठेवू शकतो.

मी विज्ञानाचा शिक्षक होतो, वैद्य नाही. वर लिहिलेले मी त्या डॉक्टर बाईंकडून दोनदा समजून घेतले आहे, तरीही माझ्या समजण्यात चूक असू शकते. म्हणून वाचकांना एवढीच विनंती, की माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. आपला किंवा घरातल्या कोणाचा जुना अहवाल असेल तर तो काढा, जाड छापलेल्या आकड्यांबरोबर बारीक छापलेल्या ओळीही पाहा, आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवून हे सारे स्वतः विचारून खात्री करून घ्या.